लायसन्स कोण देतं, रस्ता कोण बघतं, आणि वळणाची तक्रार कुणाकडे न्यायची

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याहून आलेल्या प्रश्नात तीन गाठी आहेत. मुलगा 19 वर्षांचा, नोकरीला मुंबईत. त्याला दुचाकी आणि कार, दोन्हींचं लायसन्स हवंय, तर ते मुंबईत काढायचं की गावी? वडील 58 वर्षांचे. त्यांचं लायसन्स संपून आठ महिने झाले आणि आंब्याच्या पेट्या भरून पिकअप मात्र ते अजून चालवतात. आणि गावाजवळ महामार्गावर एक वळण आहे, तिथे दर पावसाळ्यात गाड्या उलटतात. देशभर रस्ता सुरक्षा आणि लायसन्स बघणारी एकच यंत्रणा असेलच, तर तक्रार थेट दिल्लीला करावी का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन गाठी त्यातूनच सुटतात. अशी एकच यंत्रणा आपल्याकडे नाही. मोटार वाहनं हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे कायदा केंद्राचा आणि राबवणं राज्याचं. मोटार वाहन कायदा 1988 चा, लागू झाला 1 जुलै 1989 पासून. त्यातली मोठी दुरुस्ती 2019 ची, आणि तिची बरीचशी कलमं 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात आली. लायसन्सची मुदत किती, टेस्टमध्ये काय बघायचं, फी किती, हे दिल्लीतलं रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय ठरवतं. पण ते मंत्रालय स्वतः कुणालाही लायसन्स देत नाही. देतात ती राज्याच्या परिवहन आयुक्तांच्या हाताखालची कार्यालयं. कोकणात पेणचं एमएच 06, रत्नागिरीचं एमएच 08, सिंधुदुर्गचं एमएच 07.

दिल्लीची खरी पकड आहे ती संगणकावर. देशभरातल्या लायसन्सच्या नोंदी ‘सारथी’ या प्रणालीत आणि गाड्यांच्या नोंदी ‘वाहन’ प्रणालीत असतात, दोन्ही केंद्राच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राने (एनआयसी) बांधलेल्या. रत्नागिरीत निलंबित झालेलं लायसन्स गोव्यातल्या हवालदाराला मोबाइलवर दिसतं ते यामुळे. पूर्वी एका जिल्ह्यात लायसन्स जप्त झालं की माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन नवं काढायचा. ती वाट आता जवळपास बंद झाली आहे.

2021 मध्ये केंद्राने राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळाचे नियमही काढले. नाव भारदस्त आहे, पण काम सल्ल्याचं: रस्त्याची रचना, वाहनांची मानकं, वाहतुकीचं नियोजन. तुमच्या वळणावर कठडा बांधायला ते मंडळ येणार नाही. महामार्गावर शिटी मारणारे पोलीस गृह खात्याचे, कागदपत्रं तपासणारं वायुवेग पथक परिवहन खात्याचं आणि रस्ता तिसऱ्याच खात्याचा. दारं वेगवेगळी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी पायपीट वाचते.

आता मुलगा. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यातल्या कुठल्याही आरटीओकडे अर्ज करता येतो. आधारवर पत्ता लांज्याचा असला तरी मुंबईत टेस्ट देता येईल. मात्र कार्ड टपालाने येतं, आणि ते अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच येतं. गावचं घर बंद असेल तर पाकीट परत जातं आणि मग ते शोधत फिरावं लागतं. घरात बारमाही माणूस असेल तोच पत्ता द्या, वाडीचं नाव आणि पिनकोड नीट लिहा. कार्ड हातात येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधलं लायसन्स कायद्याने चालतं. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला फोटो मात्र चालत नाही. हा फरक पोलिसांपेक्षा चालकांनाच जास्त समजावावा लागतो.

शिकाऊ लायसन्स आता घरबसल्या मिळतं. परिवहनच्या संकेतस्थळावर सारथीत महाराष्ट्र निवडायचं, आधारवरून ओळख पटवायची, अर्ज आणि तब्येतीचं स्वयंघोषणापत्र म्हणजे नमुना 1 भरायचा, फी भरायची, सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा आणि परीक्षा द्यायची. 15 प्रश्नांपैकी 9 बरोबर आले की पास, म्हणजे 60 टक्के. फी एका प्रकाराला 150 रुपये आणि परीक्षेचे 50. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा परीक्षेआधीच, दोन कारणांनी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो आणि ओटीपी येत नाही. नाहीतर आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं, पूर्ण तारीख नसते. आधी आधार केंद्रावर हे दुरुस्त करून घ्या, मगच फी भरा.

वाहनाचे दोन्ही प्रकार पहिल्याच अर्जात टाका: गिअरची मोटारसायकल आणि हलकं मोटार वाहन. एक आता आणि दुसरा पुढे बघू म्हटलं की दुसऱ्यासाठी शिकाऊ लायसन्सपासून सगळं पुन्हा करावं लागतं.

आणि ही परीक्षा एजंटाकडून सोडवून घेऊ नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय त्यात नुकसान मुलाचंच आहे. अखंड पांढरी रेघ आणि तुटक रेघ यातला फरक ज्याला माहीत नाही, तो पुढे घाटात वळणावर ट्रकला ओव्हरटेक करायला जातो.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पहिले 30 दिवस टेस्ट देता येत नाही. म्हणजे हातात पाच महिनेच उरतात. कोकणात इथे पावसाचा हिशेब करावा लागतो. जूनमध्ये शिकाऊ काढलं तर शिकण्याचे महिने मुसळधार पावसात जातात, टेस्टचं मैदान चिखलात असतं आणि तालुक्यात भरणाऱ्या आरटीओच्या शिबिरांच्या तारखा मोजक्याच. गणपतीत सुट्टी घेऊन टेस्ट उरकू म्हणणारे नवरात्रापर्यंत लटकतात. गावी टेस्ट द्यायची असेल तर शिकाऊ ऑक्टोबरमध्ये काढा. नोव्हेंबर ते मार्च सगळं कोरडं मिळतं.

शिकताना गाडीला पुढे-मागे ‘एल’ ची पाटी हवी, पांढऱ्यावर लाल अक्षर, किमान 18 सेंटिमीटरचा चौकोन. कारमध्ये शेजारी पक्कं लायसन्स असलेला आणि वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा माणूस बसलेला हवा. दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही बसवता येत नाही. मित्र तर नाहीच नाही.

पक्क्या लायसन्ससाठी टेस्टचे प्रत्येक प्रकाराला 300 रुपये, लायसन्सचे 200, वर कार्ड आणि टपालाचा खर्च. टेस्टला जी गाडी नेता तिची नोंदणी, विमा आणि पीयूसी चालू असलं पाहिजे. भाच्याची गाडी नेली आणि पीयूसी संपलेलं निघालं, म्हणून माणूस टेस्ट न देताच परत येतो, हे वरचेवर घडतं. दुचाकीला हेल्मेट आणि कारला पट्टा नसेल तर तिथेच बाद.

दुचाकीवाल्याला आठचा आकडा काढायला लावतात. पाय टेकला की नापास. बहुतेकांचा पाय टेकतो तो वेग फार कमी केल्यामुळे. पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून, मागचा ब्रेक अलगद दाबून, नजर चाकासमोर न ठेवता पुढच्या वळणाकडे ठेवली की आकडा निघतो.

कारच्या टेस्टमध्ये अडकवणारी जागा म्हणजे चढ. गाडी मागे न सरकता चढावर उचलायची, हे नियमातच लिहिलंय. कोकणात तर प्रत्येक घरासमोर त्याचा सराव करायला चढ आहे. हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळू वर आणा. गाडीचं नाक किंचित उठतं आणि इंजिनाचा आवाज जड होतो, तिथे पाय थांबवा. थोडा अॅक्सिलरेटर द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. चूक होते ती क्रमात. हँडब्रेक आधी सुटतो, गाडी मागे जाते, घाबरून क्लच एकदम सुटतो आणि इंजिन बंद पडतं. त्याशिवाय इन्स्पेक्टर आरसा, सिग्नल, मागे घेणं, ठरल्या जागी थांबणं हे बघतो. आरसा नुसता डोळ्यांनी बघू नका, मान किंचित वळवा. बघितलं हे इन्स्पेक्टरला दिसलंही पाहिजे ना.

नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट. तीनदा नापास झाला तर 60 दिवस थांबावं लागतं आणि कायद्याने उजळणीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. लायसन्स नाकारलं आणि तो निर्णय पटला नाही तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी नकार लेखी मागून घ्या.

2021 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात हलक्या वाहनाचा 29 तासांचा अभ्यासक्रम (8 तास वर्ग, 21 तास गाडीवर) पूर्ण केला तर आरटीओची टेस्ट माफ होते. नाक्यावरचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे ते केंद्र नव्हे. ‘आमच्याकडे टेस्ट लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर मान्यतेचा कागद दाखवायला सांगा.

टेस्ट घाटात होत नाही, म्हणून टेस्टमध्ये नसलेल्या दोन गोष्टी मुलाला घरीच शिकवा. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट सतत ब्रेकवर उतरला की पॅड तापतात आणि ब्रेक ऑइल उकळतं. मग पेडल दाबलं की पाय तळाला जातो आणि गाडी काही थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि ओलावा जितका जास्त तितकं ते लवकर उकळतं. समुद्राकाठच्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलायचा कंटाळा करू नका. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं हा मूर्खपणा, आणि इंजिन बंद करणं त्याहून मोठा, कारण ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. दुसरी गोष्ट म्हणजे अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचं असतं. हा नियम आहे, पण घाटात हॉर्न मोठा त्याची वाट असंच चालतं.

वडिलांचं प्रकरण मात्र निकडीचं आहे. लायसन्स संपल्यावर पूर्वी 30 दिवसांची सवलत असायची, ती 2019 मध्ये काढून टाकली. आज ते जी पिकअप चालवतायत ती विनालायसन्स चालवतायत, असाच कायद्याचा अर्थ. या काळात अपघातात कुणी जखमी झालं तर विमा कंपनी त्या तिसऱ्या माणसाला भरपाई देईल, पण कोर्ट ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देऊ शकतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. कोकणात पिकअप आणि कलमांची बाग बहुतेक एकाच नावावर असते, तेव्हा वसुली कुठवर जाऊ शकते याचा विचार करा. नूतनीकरण होईपर्यंत चावी दुसऱ्याच्या हातात द्या. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणं हाही मालकाचा वेगळा गुन्हा आहे, दंड 5,000 रुपये.

चांगली बाजू अशी, की संपून एक वर्ष झालेलं नाही. एका वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्ट लागत नाही. वर्ष उलटलं तर टेस्ट पुन्हा. म्हणजे हातात चार महिने आहेत. वय 40 च्या पुढे असल्यामुळे नमुना 1-अ म्हणजे डॉक्टरचा दाखला लागेल. डॉक्टर नोंदणीकृत असावा आणि तो दाखला त्याने स्वतःच्या लॉगिनमधूनच चढवलेला असावा. डोळे आधी तपासून घ्या. 58 व्या वर्षी मोतीबिंदूची सुरुवात झालेली असली तर रात्री समोरून दिवे आले की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि आंब्याची वाहतूक तर रात्रीचीच. नूतनीकरणाची फी 200 रुपये, उशीर झाल्याचे वेगळे, आणि ते उशिराबरोबर चढतात. नवी मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून धरली जाते. मधले आठ महिने मागाहून भरून निघत नाहीत.

मुदतीचं गणितही बदललंय. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, 30 ते 50 मध्ये काढलं किंवा नूतनीकरण केलं तर 10 वर्षं, 50 ते 55 मध्ये वयाच्या 60 पर्यंत, आणि 55 नंतर दर वेळी 5 वर्षं. ट्रान्सपोर्टचा शेरा (भाड्याची किंवा मालाची गाडी चालवायची परवानगी) असेल तर त्याची मुदत वेगळी, 5 वर्षं. कार्डावर दोन तारखा असतात. लोक लांबची वाचतात, जवळची वाचायची राहते. वडिलांचं लायसन्स जुनं, हाताने लिहिलेल्या पुस्तकाचं असेल तर तो नंबर सारथीत सापडतो का ते आधी बघा. सापडला नाही तर ज्या कार्यालयाने दिलं तिथे बॅकलॉग नोंद (जुन्या लायसन्सची संगणकात नोंद) करून घ्यावी लागेल, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकणार नाही.

पिकअपला ट्रान्सपोर्टचा शेरा लागतो का, हा यातला उपप्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला, की ज्या वाहनाचं एकूण वजन 7,500 किलोपेक्षा कमी आहे ते हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. गॅस सिलिंडर किंवा इंधनासारख्या धोकादायक मालाला ही सूट नाही. रिक्षाचा बॅज हा राज्याच्या नियमांचा वेगळा विषय आहे.

पण मागच्या हौद्यात माणसं बसवू नका. वऱ्हाड, पालखी, काजूच्या बागेतले मजूर, गणपतीचे चाकरमानी, सगळे त्या हौद्यातून जातात आणि कुणाला काही वाटत नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विम्यावर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच सांगून ठेवलंय. मालवाहू गाडीत माणसं भरणं, जादा माल, अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं आणि गाडी चालवताना मोबाइल या सहा गोष्टींसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना 2015 मध्ये कळवलं. निलंबन करतो आरटीओ, पोलीस नाही. पोलीस लायसन्स घेऊन पाठवतात. आदेशाआधी म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे आणि कारण लेखी असलं पाहिजे. नोटीस आली की चूप बसू नका, लेखी उत्तर द्या. दारूची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, आणि पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घरात शाळकरी मुलं असतील तर हेही ऐकून ठेवा: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि मुलाला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही.

राहिलं ते वळण. महामार्गावरचं ठिकाण सरकारी भाषेत ‘ब्लॅक स्पॉट’ कधी होतं? साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 माणसं गेली, तर. ही मोजणी पोलिसांच्या नोंदीवरून होते. अपघाताची माहिती ठाण्याचा अंमलदार जागेवरून ‘आयरॅड’ या केंद्राच्या प्रणालीत टाकतो, मग त्याच नोंदीवर आरटीओ गाडीचं, रस्त्याचा अभियंता रस्त्याचं आणि रुग्णालय जखमीचं भरतं. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, हा आकडा अशाच नोंदींचा.

आपल्याकडे काय होतं? गाडी पऱ्यात उतरते, दोन्हीकडची माणसं ओळखीची निघतात, भावकी मध्ये पडते, गॅरेजचा खर्च कोण देणार ते ठरतं आणि प्रकरण जागेवर मिटतं. पोलिसात नोंद नाही. पाच वर्षांत पंधरा गाड्या उलटल्या तरी दिल्लीच्या नकाशावर ते वळण कोरंच राहतं. कुणाला गंभीर लागलं असेल तर मिटवामिटवी करा किंवा नका करू, पण नोंद झालीच पाहिजे. जखमीला उचलून नेणाऱ्याला त्रास होईल या भीतीने लोक मागे सरतात. कायद्याच्या 134-अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. रुग्णवाहिकेला 108, पोलिसांना 112.

तक्रार नेण्याआधी रस्ता कुणाचा ते ठरवा. राष्ट्रीय महामार्ग 66 पनवेल ते इंदापूर (रायगडातलं, पुण्याकडचं नव्हे) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता आणि इंदापूरच्या खाली झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. लांजा दुसऱ्या टप्प्यात येतं, म्हणजे अर्ज त्या शाखेच्या कार्यकारी अभियंत्याला. त्याची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, जिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिथे पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं एका टेबलाशी बसतात. खासदारांच्या अध्यक्षतेखालीही जिल्ह्यात अशी समिती असते, तिलाही प्रत द्या. आरटीओला वळण सरळ करता येत नाही, पण समितीत तो मुद्दा मांडू शकतो. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता बांधला किंवा राखला नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कलम 198-अ खाली ठेकेदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात हे कलम लिहिलं की फाइल जरा लवकर हलते.

अर्जात ‘वळण धोकादायक आहे’ एवढंच लिहिलं तर उत्तर येईल, ‘नोंद घेतली आहे’. किलोमीटरचा दगड किंवा मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश द्या. अपघातांच्या तारखा आणि शक्य तिथे गुन्हा नोंद क्रमांक द्या. फोटो भर पावसात काढा. पाणी रस्त्यावर कुठून येतं, गटार तुंबलंय की नाहीच, जांभ्याच्या ट्रकमधून सांडलेली लाल माती कुठे साचते, कडेला शेवाळ कुठवर आलंय, हे उन्हाळ्यातल्या फोटोत दिसत नाही. गाडी कुठल्या बाजूने येऊन कुठल्या बाजूला जाते तेही लिहा. सगळ्या गाड्या बाहेरच्या कडेलाच जात असतील तर वळणाचा आडवा उतार उलटा, म्हणजे बाहेरच्या बाजूला पडला असण्याची शंका घ्यायला जागा आहे, आणि मग नुसती पाटी लावून ते सुधारत नाही, थर पुन्हा द्यावा लागतो. सगळ्या ब्रेक मारतानाच घसरत असतील तर पृष्ठभाग गुळगुळीत झालाय. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि अभियंत्याने कुठला करायचा ते तुमच्या अर्जातल्या या दोन ओळींवरून ठरू शकतं. अर्ज मे महिन्याच्या आत द्या, कारण पाऊस सुरू झाला की डांबराचं काम ऑक्टोबरपर्यंत कुणी हातात घेत नाही.